अंक वाटला जातो, पण वाचक बोलत नाहीत: पाच वेळा दुरुस्त केलेला एक बिघाड

इंदूरला आम्ही पाच जण मिळून महिन्याला चार पानांचं एक राजकीय पत्रक काढतो. मराठीत. एकशेवीस झेरॉक्स प्रती, त्यातल्या बहुतेक सुदामानगर आणि लोकमान्यनगरात वाटलेल्या. आठ वर्षांत हे पत्रक पाच वेळा मुकं झालं. बंद पडलं नाही, मुकं झालं. अंक निघतो, वाटला जातो, आणि विहिरीत दगड टाकावा तर डुबुकसुद्धा ऐकू येऊ नये तसं होतं. पाचही वेळा ते पुन्हा बोलतं केलं, पण त्यातल्या दोन वेळा भलतंच काही दुरुस्त करण्यात तीन-तीन महिने घालवले. ग्वाल्हेरला लष्करमध्ये माझी मावसबहीण अशाच एका गटात आहे, तिच्याकडे हाच बिघाड दोनदा झाला. आता बडोद्याहून दांडिया बाजारातल्या ओळखीच्यांचाही तोच फोन आला. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

लक्षणं

तिसऱ्या-चौथ्या अंकानंतर पत्रं येणं थांबतं. पहिल्या अंकाला ओळखीपाळखीची दहा-बारा आलेली असतात, त्यामुळे हा उतार जास्तच जाणवतो.

रस्त्यात भेटणारे म्हणतात, "छान काढता हो तुम्ही." कुठला लेख आवडला असं विचारलं की म्हणतात, "सगळेच छान होते." हे सर्वांत खात्रीचं लक्षण. ज्यानं वाचलंय तो एका तरी लेखावर नाराज असतोच.

पत्रं येतात ती त्याच दोघांची, आणि तीही एकमेकांना उद्देशून.

महिन्याच्या बैठकीला आपले आपणच पाच जण उरतो आणि कचोऱ्या घरी न्याव्या लागतात.

एखाद्याचं आडनाव चुकलं तर मात्र लगेच फोन येतो. हे लक्षण चांगलं आहे बरं का. पत्रक घरात उघडलं जातंय एवढं त्यातून कळतं.

गणपती ते दिवाळी आणि मुलांच्या परीक्षांचा मार्च, या दिवसांतली शांतता बिघाडात धरू नका. तेव्हा काहीही दुरुस्त करायला जाऊ नका.

आधी बघा, पोचतंय का

याला एक पैसा लागत नाही आणि तरी हे तपासायचं आम्हाला शेवटी सुचलं. महापालिकेवरच्या एका लेखानंतर सगळे गप्प झाले, तेव्हा लोक आमच्यावर चिडलेत असं आम्ही धरून चाललो. पुढचे दोन अंक अगदी मवाळ काढले. मग एकदा मी एका इमारतीत कुणाच्या हळदीकुंकवाला गेले तर जिन्याखाली, मीटरच्या बोर्डावर आमचा गठ्ठा. बावीस प्रती. वरच्या प्रतीवर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलेलं आणि बाकीच्या अगदी कोऱ्या करकरीत. वाटणारा मुलगा चौथ्या मजल्यापर्यंत चढतच नव्हता. त्याला तरी काय बोलणार, आम्ही त्याला शंभर रुपये देत होतो.

"मिळालं का?" असं विचारून काही कळत नाही, आपल्याकडे भिडेखातर सगळे हो म्हणतात. दहा घरं निवडा, एक महिना स्वतः जाऊन अंक हातात द्या आणि दारात दोन मिनिटं उभे राहा. या दहा घरांतून उत्तर आलं आणि बाकीच्यांतून नाही, तर खोट वाटपात आहे. पुढचं काही वाचायची गरज नाही.

उत्तर द्यायचं कुठे?

आमच्या अंकावर फोन नंबर होता. आम्हाला वाटलं, झालं. पण साठीच्या पुढची मंडळी अनोळखी नंबरवर राजकारणाचं काही लिहून पाठवत नाहीत, आणि पंचविशीच्या आतली कुणाला फोन करत नाहीत. मधली जी उरतात त्यांना वेळ नाही.

शेवटी उपाय निघाला तो पत्र्याचा. शेवच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला आमच्यातल्या औषधवाल्या काकांनी पोस्टाच्या पेटीसारखी चीर पाडली आणि डबा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला. अंकाच्या शेवटच्या पानाचा खालचा चतकोर तुटक रेषेनं आखून रिकामा सोडला. त्यावर एकच प्रश्न आणि खाली पाच ओळींची जागा. औषधाच्या दुकानात प्रत्येक घरचं कुणी ना कुणी पंधरवड्यातून एकदा जातंच. पहिल्या महिन्यात एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक बीपीच्या गोळ्यांची यादी होती, पण अठरा काही कमी नाहीत.

पाचच ओळी का? अख्खं कोरं पान दिलं की माणसाला निबंध लिहावासा वाटतो, आणि निबंध उद्यावर जातो.

आलेल्या पत्राचं तुम्ही काय करता

पूर्वी आमच्या घरी नईदुनिया यायचा. १९४७ साली सुरू झालेलं हे हिंदी दैनिक, आणि त्याचे दीर्घकाळचे संपादक राहुल बारपुते म्हणजे आपल्यातले, मराठी. वडील आधी 'पत्र संपादक के नाम' वाचायचे, मग पहिलं पान. आपल्या गल्लीतल्या कुणाचं पत्र छापून आलं की ते चौकात बोलून दाखवलं जाई. ज्याचं पत्र यायचं तो आठवडाभर ताठ मानेनं हिंडायचा. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही आम्ही काय केलं, तर जागेसाठी पत्रं कापली.

एका काकूंनी ड्रेनेजवर चौदा ओळी लिहिल्या होत्या. आम्ही तीन छापल्या. मजकूर सगळा आला, फक्त त्यांची शेवटची ओळ गेली. ती अशी होती: "सुमित्राताई महाजनांच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीपासून, म्हणजे १९८९ पासून, मी एकही मत चुकवलेलं नाही, आणि आज पहिल्यांदा कुणाला काही विचारते आहे." आम्हाला ती पाल्हाळ वाटली. पत्र होतं खरं तर तेवढ्याचसाठी. काकू पुढे दोन वर्षं काही लिहायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्या इमारतीतल्या आणखी तिघीजणीही.

तेव्हा तपासा: पत्र पुढच्याच अंकात येतं का, अख्खं येतं का, आणि त्यात प्रश्न असेल तर खाली कुणी उत्तर देतं का. उत्तर नसेल तर "आम्हाला माहीत नाही, विचारून सांगतो" एवढं तरी छापा आणि खरोखर विचारा. जागा कमी पडली तर स्वतःचा लेख कापा. हे बोलायला सोपं आहे. आमच्या वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांनी त्यांच्या लेखाचे दोन परिच्छेद कापल्यावर पंधरा दिवस अबोला धरला होता.

हिंदीत आलं तर?

इंदूरच्या मराठी घरांतली पुढची पिढी घरात मराठी बोलते, पण लिहायची वेळ आली की हिंदीकडे वळते. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मग दुसरं काय होणार! आम्ही मात्र पुणेरी छापील मराठीत अंक काढून वर "पत्रे मराठीतच पाठवावीत" अशी ओळ टाकली होती. ती ओळ काढली आणि पत्र ज्या भाषेत येईल त्या भाषेत छापायचं ठरवलं. त्या एका बदलानं तिशीच्या आतले वाचक परत आले. एकानं लिहिलं होतं, "भिया, आपका दूसरा वाला लेख आजी ने पढ़ के सुनाया, पर बात जमी नहीं." असं पत्र मिळायला नशीब लागतं. ग्वाल्हेरच्या बहिणीला हे अजून पटत नाही. तिच्या मते याच वाटेनं मराठी जाते. तिचं म्हणणं चूक नाही, पण तिच्या गटात चाळिशीच्या आतला एकही वाचक नाही.

लेखाचा शेवटचा परिच्छेद

इथपर्यंत सगळं फुकटात झालं. आता जरा मनाला लागणारं. बहुतेक वेळा बिघाड इथेच असतो, आणि लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, कारण त्याला हाच आपल्या लेखाचा सर्वांत चांगला भाग वाटत असतो.

आमचं उदाहरण २०२४ च्या लोकसभेचं. इंदूरला अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला. १३ मेला मतदान झालं. निकालात भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी निवडून आले आणि 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या चौपटीहून जास्त. शहरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत दुसरा विषय नव्हता. आम्ही यावर अडीच पानांचा लेख केला. आकडे नीट दिले. 'नोटा'चा पर्याय २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला, आणि तिथे कितीही मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच, हेही समजावून सांगितलं. आणि शेवट असा केला: "लोकशाहीची ही थट्टा इंदूरकर कधीही विसरणार नाहीत."

चिठ्ठ्या आल्या शून्य.

आता त्या शेवटच्या वाक्याला वाचकानं म्हणायचं काय? पटलं तर मान हलवायची, न पटलं तर पान उलटायचं. निकाल आम्हीच देऊन टाकला होता, साक्षीदारांना कुणी बोलावलंच नाही. पुढच्या महिन्यात लेख नवा लिहिला नाही, फक्त चौकटीत प्रश्न टाकला: "१३ मेच्या सकाळी मतदानाला जायचं की नाही, यावर तुमच्या घरात काय बोलणं झालं?" एकवीस चिठ्ठ्या आल्या. एका घरात नवरा-बायकोनं वेगवेगळी बटणं दाबली आणि ते एकमेकांना चिठ्ठीतूनच कळलं. एका आजोबांनी लिहिलं होतं की १९६२ मध्ये होमी दाजी अपक्ष निवडून आले तेव्हापासून ते मत देत आहेत आणि या वेळी पहिल्यांदा केंद्राच्या दारातून परत फिरले. एका बाईंनी आम्हाला चांगलं झापलं होतं. त्यांनी आवडीनं मत दिलं होतं, आणि त्यात थट्टा कसली ते त्यांना कळेना. तो अंक अजून लोक मागून नेतात.

म्हणून तपासणी अशी करा. गेल्या चार अंकांतल्या प्रत्येक लेखाचं फक्त शेवटचं वाक्य एका कागदावर उतरवून काढा. त्यापुढे वाचकाला स्वतःच्या अनुभवातून काही सांगता येईल का, एवढंच बघा. चारांपैकी तीन ठिकाणी "नाही" असेल तर दुखणं सापडलं. दुरुस्ती म्हणजे मत पातळ करणं नव्हे. मत ठणकावून मांडा, पण ते मध्ये ठेवा. शेवटी असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वाचकाला जास्त माहीत आहे. "तुम्हाला काय वाटतं?" हा तसला प्रश्न नाही, तो विचारणाऱ्याचा आळस आहे.

भडक मथळ्याचा उपाय कुणीतरी सुचवेलच. आम्ही करून पाहिला. आवाज खूप झाला, पत्र एकही ठेवण्यासारखं आलं नाही.

विषय कुठवर येतो

दिल्लीच्या विषयावर इथल्या वाचकाला भर घालता येत नाही, तेच तो टीव्हीवर रोज ऐकतो. पण याचा उलटा अर्थ लावून आम्ही एकदा पुरता नळ-गटारांचा अंक काढायला लागलो. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी, एक दिवसाआडचा नळ, फुटलेली लाइन. पत्रं भरपूर आली, पण तक्रारवहीसारखी. राजकारणासाठी वाचणारे हळूच सटकले.

मोठा विषय घ्यावा आणि त्याचं जे टोक आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं तिथून आत शिरावं. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा आम्ही घटनादुरुस्तीची कलमं बाजूला ठेवली. जुलै २०२२ मध्ये महापालिका, नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभा, मे २०२४ मध्ये लोकसभा: बावीस महिन्यांत इंदूरचा मतदार तीनदा रांगेत उभा राहिला. आम्ही विचारलं, या तिन्ही वेळी दारात आलेल्याकडे तुम्ही काय मागितलं होतं? बहुतेकांनी तिन्ही वेळा रस्ताच मागितला होता. मग खासदाराकडे रस्ता का मागायचा यावरून जे जुंपलं ते तीन अंक पुरलं.

लोक घाबरलेत का

ही तपासणी अवघड, कारण घाबरलोय असं कुणी सांगत नाही. खूण एकच. समोरासमोर भरभरून बोलणारा माणूस कागद पुढे केला की "राहू द्या हो" म्हणतो. सरकारी नोकरीतल्यांचं कारण खरं असतं. राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे सेवा आचरण नियम आहेत, राजकारणात भाग घेण्यावर आणि सरकारवर जाहीर टीका करण्यावर त्यात बंधन आहे. त्यांना गळ घालू नका. दुकानदाराला गिऱ्हाईक दोन्ही बाजूंचं असतं, त्याचंही समजण्यासारखं आहे.

आम्ही 'नाव राखून' पत्रं छापतो, पण लिहिणारा कोण हे आमच्यातल्या एकाला तरी माहीत असलं पाहिजे. निनावी चिठ्ठी छापत नाही, कितीही चटपटीत असो. आणि पत्रात कुणावर पैसे खाल्ल्याचा आरोप असेल तर तो छापण्याऐवजी त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज करतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आरोपाच्या जागी पुढे कागदावरचं उत्तर छापता येतं, आणि पत्र लिहिणाऱ्याला आपल्या चिठ्ठीचं काहीतरी झालं हे दिसतं. कॉलेजात जाणारी आमची मुलगी हे अर्ज लिहिण्यात आता इतकी तरबेज झालीय की शेजारपाजारचे तिच्याकडून लिहून घेतात.

शेवटी स्वतःकडे बघा

याला पैसा लागत नाही, पण सगळ्यांत महाग पडतं ते हेच. पाचही जण एकाच बाजूचे असतील तर वाचकाला पान उघडण्याआधीच मजकूर माहीत असतो. आमच्यात दोन उजवे, दोन डावे आणि एक औषधवाले काका आहेत. ते दोन्हीकडच्यांना ॲसिडिटीची गोळी देतात.

२०२२ च्या महापालिका निवडणुकीत शहराच्या ८५ वॉर्डांपैकी एका वॉर्डात आमच्यातल्या एकाचे मेहुणे उभे होते. आम्ही त्या वॉर्डावर एक अवाक्षर लिहिलं नाही, स्वतःला फार नि:पक्ष समजत होतो. वाचकांना मात्र ते नातं आमच्या आधी ठाऊक होतं. पाच महिने डबा रिकामा. शेवटी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत कबूल केलं की अमुक नातं होतं, म्हणून आम्ही गप्प राहिलो आणि ते चुकलं. दुसऱ्याच आठवड्यात चिठ्ठ्या सुरू झाल्या, बऱ्याचशा शिव्यांच्या.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

वकिलाची नोटीस आली की त्याच दिवशी वकील गाठा. उत्तर स्वतः लिहू नका, पुढच्या अंकात त्यावर विनोद तर मुळीच नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि "पण ते खरं आहे" एवढा बचाव पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात जाणारा मजकूर काढणार असाल तर आधी विचारा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क नुसार अशा पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आमचं तर झेरॉक्स आहे" ही पळवाट नाही. हातानं नक्कल करणं सोडून प्रती काढायची कुठलीही रीत तिथे छपाईच धरली आहे. अंक नियमित निघत असेल तर नोंदणीचंही विचारून घ्या. १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय. आम्ही वकिलाकडे तासभर बसलो, फी दिली, आणि सुटलो.

कुणी घरी येऊन धमकावलं किंवा धर्म-जातीवरून पेटवणारा मजकूर डब्यात सापडला, तर गटात चर्चा करत बसू नका. पहिल्यात पोलीस ठाणं. दुसऱ्यात कागद जपून ठेवा, फोटो काढून कुणालाही पुढे पाठवू नका, आणि वकिलाला दाखवा.

आणि हे सगळं करूनही सलग दोन अंकांना एकही चिठ्ठी आली नाही, तर तिसरा काढू नका. "तूर्त थांबतोय" असं एक वाक्य छापून दुकानाच्या दारावर लावा. डबा मात्र उचलू नका. आम्ही एकदा असे थोडे दिवस थांबलो तेव्हाही आमचा डबा गल्ल्याशेजारीच होता, आणि महिन्याभरानं काकांनी उघडला तेव्हा आत चार चिठ्ठ्या होत्या. तीन औषधांच्या. चौथीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "त्या रस्त्याच्या अर्जाचं उत्तर आलं का?"